शेजारच्या सीटवरचा ब्रेक

माझ्या बाबांच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. त्यांना भेटायला येणाऱ्यांची तोंडंही मिटत नव्हती. ऑपरेशन मात्र फक्त झडपेचं ठरलं होतं, आणि हा अन्याय कुणापुढे मांडावा हे मला कळत नव्हतं.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, टेबलामागे मी आणि बाहेर एक गाडी. गाडी कधीकाळी पिवळी होती. आता ती ज्या ज्या गोष्टींना घासली, त्या सगळ्यांचा थोडा थोडा रंग तिच्यावर आहे. आमच्या भागात जो कुणी आज गाडी घेऊन रस्त्यावर उतरतो, त्याला बाबांनीच सोडलेलं असतं. ही जबाबदारी फार मोठी आहे. आम्ही ती कधीच कबूल केलेली नाही.

एका सकाळी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना शिकवताना बाबा म्हणाले, "घाबरू नका, ब्रेक माझ्या—" आणि पुढे श्वासच आला नाही. बाई तोवर दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या थेट चौथ्यात गेल्या आणि बाबांना हॉस्पिटलच्या दारात पोचवलं. दारात म्हणजे दारातच. दार आता दुरुस्त केलंय.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल, तीही लवकर. आईनं विचारलं, "आणि नाही बदलली तर?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उत्तर आम्हाला तिघांनाही कळलं. आईनं बाबांचा हात धरला. बाबांनी तिला सांगितलं, "चष्मा स्वच्छच होता."

म्हणजे प्रश्न अगदी सरळ होता. बाबांनी ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपायचं होतं, बस. आणि एवढी सरळ गोष्ट आमच्या हितचिंतकांनी हाणून पाडायची असं ठरवूनच टाकलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळपासून रीघ लागली. प्रत्येकाच्या एका हातात सफरचंदांची पिशवी आणि तोंडात एक वाक्य. सफरचंदं आम्ही वॉर्डभर वाटली. वाक्यं कुणी घेईना.

"काही होत नाही हो."

काही होत नाही तर माणूस इथं हवापालटाला आलाय का?

"आजकाल हे ऑपरेशन म्हणजे अगदी किरकोळ."

छाती उघडणार आहेत. आमच्याकडे फ्रीज उघडायचा तरी आईला विचारावं लागतं.

"माझ्या साडूचं केलं ना, पळतोय आता."

हा साडू सकाळपासून तिघांनी सांगितला. एक तर तो एकच साडू असावा आणि तिघांना वाटून आलेला असावा, नाहीतर या शहरात फक्त साडवांची हृदयं बिघडतात. आणि तो पळतोय का, कुणाला भिऊन पळतोय, याची चौकशी कुणी केलेली नाही.

मग आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती खोलीत शिरते तेव्हा खोली थोडी बाजूला सरकते.

"अरे, एवढं काय घेऊन बसलायस? माझं पित्ताशय काढलं. आता त्याची आठवणसुद्धा येत नाही मला."

"ताई, माझं हृदय काढणार नाहीयेत."

"तेच म्हणतेय मी! तुझं तर काढतही नाहीयेत!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सफरचंदाकडे पाहिलं.

बाबांना विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून ते टोपणनावं ठेवतात. दुपारी बेकरीवाला आला, त्याचं नाव 'हॉर्न'. शिकताना त्याचा एक हात स्टिअरिंगवर आणि एक हॉर्नवर असायचा. रस्ता रिकामा असला तरी वाजवायचा. आता अंगापिंडानं चांगला भरलाय. बाबांच्या पलंगाशी उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही तर वाघ आहात वाघ!"

"वाघालाही भूल देऊनच पकडतात," बाबा म्हणाले.

हॉर्न मोठ्यानं हसला, पाव ठेवून गेला.

त्याच्या मागोमाग वकीलीणबाई आल्या. यांचं नाव 'रिव्हर्स', कारण मागं जायचं असेल तर त्यांच्यासारखं शहरात कुणी नाही. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, लांब श्वास घ्या. खांदे सैल सोडा. नजर समोर ठेवा. तुम्हाला सगळं जमतंय."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी नर्सला बोलवायला उठलो. बाबांनी माझा शर्ट धरला. वकीलीणबाई गेल्यावर दबक्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस? माझंच वाक्य आहे ते."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं? ते मी कधी म्हणतो माहितीये? समोरून ट्रक येत असतो आणि मला काही सुचत नसतं, तेव्हा!"

आणि मग बाबांचा बांध फुटला. सकाळपासून ज्या ज्या माणसानं धीर दिला होता, त्यानं कुठलं वाक्य कुठून उचललं, हे ते मला एकेक करून सांगायला लागले. 'हात बसतोय हळूहळू' हे त्यांनी फक्त अशा लोकांना सांगितलंय, ज्यांचा हात जन्मात बसणार नव्हता. 'पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं' हे एका माणसाला सांगितलं होतं, त्यानं गाडी पोहण्याच्या तलावात घातली होती. पहिल्यांदा कुणाचंच तसं होत नाही. अख्खी हयात या माणसानं लोकांना धीर पुरवला, आणि आता तोच माल, वापरलेला, त्यांच्याच उशाशी परत येत होता.

"आणि मुख्य वाक्य कुठलं, ते तुला माहितीच आहे," बाबा म्हणाले.

होतं. मला आणि बाबांनाच होतं.

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला तर शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. आमच्या गाडीतला तो ब्रेक मी शाळेत असताना तुटला. पेडल जागेवर आहे, दाबलं की खाली जातं, वर येतं, आणि गाडीला काही कळत नाही. दुरुस्त करून आणायचा तो आठवडा गर्दीचा होता. तेवढ्यात बाबांच्या लक्षात आलं की "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे" असं नुसतं म्हटलं तरी माणूस नीट चालवतो. वाक्य चालतंय तर ब्रेक कशाला, असं म्हणून तो आठवडा पुढे गेला, तो अजून परत आलेला नाही. आईला हे माहीत नव्हतं. आईला माहीत असतं तर आमचं स्कूल शिवणकामाचं असतं.

"म्हणजे बघ," बाबा म्हणाले, "माणूस धीर कधी देतो? पायाखालचा ब्रेक तुटलेला असतो, तेव्हा. ज्याचा चालतो तो गप्प बसतो."

यावर मी काहीही म्हटलं असतं तरी ते धीर देणारं निघालं असतं.

तेवढ्यात हॉस्पिटलनं पगारावर ठेवलेली धीर देणारी आली. तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर हसू, तेही ओळखपत्रासारखंच अडकवलेलं. खुर्ची ओढून बसली.

"काका, डोळे मिटा. आता एक सुंदर रस्ता डोळ्यांसमोर आणा."

बाबांनी निमूटपणे डोळे मिटले. "चढ की उतार?"

"अं... तुम्हाला आवडेल तसा."

"एकेरी की दुतर्फा?"

"काका, रस्त्यावर कुणीच नाहीये. तुम्ही एकटेच आहात. समोर छान प्रकाश आहे."

बाबांनी खाडकन डोळे उघडले. "मेलोय का मी?"

मुलगी उठली. जाताना आईला म्हणाली, काका जरा नकारात्मक आहेत. आईनं तिला एक सफरचंद दिलं.

इतकं होऊनही बाबा टेबलावर गेले असते. मला खात्री आहे. पण संध्याकाळी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर आल्या. आतापर्यंत तपासत होते ते डॉक्टर वेगळे. प्रत्यक्ष कापाकापी करणाऱ्या या बाई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. चाळिशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. त्यांनी मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "सर, ओळखलंत?"

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून एकच शब्द आला. "गोगलगाय?"

बाई हसल्या. "हो सर. तीच."

आणि मग, इतकी वर्षं शिकून, एवढ्या पदव्या घेऊन, त्या माझ्या बाबांच्या तोंडावर म्हणाल्या, "अजिबात घाबरू नका. आम्ही आहोत ना."

त्या गेल्या आणि बाबा पलंगावरून उतरले. हॉस्पिटलच्या झग्याखाली त्यांनी पँट चढवली, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि परत पलंगावर बसले. "घरी चला."

"अहो, काय करताय?" आई म्हणाली.

"त्या पोरीला दोन गाड्यांच्या मधे गाडी लावता येत नव्हती. दोन गाड्या दिसल्या की ती तिसऱ्याच गल्लीत जायची. आता ती माझ्या दोन फासळ्यांच्या मधे हात घालणार?"

"ते शिकून वीस-पंचवीस वर्षं झाली असतील," मी म्हणालो.

"एकदा वॉकर घेतलेल्या म्हाताऱ्यानं आम्हाला ओव्हरटेक केलं होतं. वर मागं वळून सॉरी म्हणाला. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात. हिचे पाय पोटात राहू देत, पण हात माझ्या छातीत नकोत!"

"अरे, काही होत नाही," आत्या दारातून म्हणाली.

"बघ! बघ! परत!" बाबा इतक्या जोरात ओरडले की त्यांना दम लागला. बूट घातलेले पाय खाली सोडून, दोन्ही हात गादीवर टेकवून ते श्वास गोळा करत बसले. ओठांवर निळसर झाक आली. या माणसाला दारापर्यंत चालत जाणंही जमणार नव्हतं, हे त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मी बाहेर पडलो. माझं डोकं तापलं होतं. कुणावर, ते मलाही धड सांगता आलं नसतं. झडपेवर तापून उपयोग नव्हता. ती आत होती. डॉक्टरीणबाई जिन्याशी फोनवर बोलत होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही त्यांना 'आम्ही आहोत ना' का म्हणालात?"

त्यांनी फोन खाली घेतला. "का? काय झालं?"

"बूट घातलेत त्यांनी. घरी निघालेत. तुम्हाला एवढं शिकवलं, त्यात गप्प बसायला शिकवत नाहीत का?"

हे मी एका हृदयाच्या सर्जनला म्हणालो. मी, जो ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाचा मुलगा असून रिक्षानं फिरतो. बाई रागावल्या नाहीत. फोन खिशात टाकून माझ्याबरोबर चालायला लागल्या, त्यांच्या चालीनं. पोचायला वेळ लागला.

बाबांना श्वास सापडला होता, म्हणजे राग परत आला होता.

"बस," ते म्हणाले. बाई खुर्चीवर बसल्या. "मला सांग, 'आम्ही आहोत ना' हे कोण म्हणतं? मी सांगतो. ज्याच्या पायाखाली काही नसतं, तो. हा धंदा मी आयुष्यभर केलाय. मला नको शिकवूस."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही तुमच्या बाजूच्या तुटलेल्या ब्रेकबद्दल बोलताय का?"



"कुठला ब्रेक?" आई म्हणाली.

"तुला... तुला काय माहीत?" बाबांचा आवाज खाली आला.

"दिसायचं की सर. दुसऱ्याच दिवशी मी दूधवाल्याच्या गाडीवर आदळणार होते. तुम्ही ब्रेकवर पाय दाबलात. मग दोन्ही पाय दाबलेत. गाडी काही थांबेना. मग मीच थांबवली."

"कुठला ब्रेक तुटलाय?" आई माझ्याकडे बघून म्हणाली. मी सफरचंद शोधायला लागलो. संपली होती.

"मग बोलली का नाहीस?" बाबा म्हणाले.

"तुम्ही केवढे घाबरला होतात! कपाळावर घाम. आणि तरी मला सांगत होतात, घाबरू नकोस, ब्रेक माझ्याकडे आहे. मग मी म्हटलं, हो सर, तुम्ही आहात म्हणून बरं."

"म्हणजे तू..." बाबांनी तिच्याकडे बोट केलं. "म्हणजे तू *मला* धीर देत होतीस?"

"सगळेच द्यायचे, सर. नवीन कुणी शिकायला आलं की जुने त्याला कोपऱ्यावर गाठून सांगायचे. सरांच्या बाजूचा ब्रेक चालत नाही, जपून चालव, आणि त्यांना कळू देऊ नकोस, उगाच वाईट वाटेल."

मी बाबांना खूप वेळा संतापलेलं पाहिलंय. माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळी पाहिलंय. पण हे वेगळं होतं. संपूर्ण शहर इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागे त्यांची काळजी घेत होतं, याचा हा संताप होता.

"त्या हॉर्नला माहीत होतं?"

"म्हणून तर तो सारखा वाजवायचा. बाकीच्यांनी बाजूला व्हावं म्हणून."

"आणि रिव्हर्स?"

"तिची पुढे जायची छातीच व्हायची नाही."

बाबांनी मान खाली घातली. मग अगदी हळू विचारलं, "आणि तू?"

"मी हळू चालवायचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरा ब्रेक नव्हता ना, सर."

आत्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं तिच्या हातात पाण्याचं भांडं दिलं.

"आता कुठाय?" बाबांनी मान वर केली. "आत, तिथं. तुझ्या शेजारचा ब्रेक?"

"आहे. भूल देणारे डॉक्टर असतात. ते थांब म्हणाले की मी थांबते."

"चालतो?"

"चालतो."

"हे तू म्हणतेस. मीही म्हणायचो. बोलव त्याला. मला शेजारी बसणाऱ्याला भेटायचंय."

भूल देणारे डॉक्टर आले ते हातात चहाचा कप घेऊनच. जाडजूड माणूस, डोळे अर्धे मिटलेले; स्वतःच्याच औषधाचा वास सतत घेत असावा असा. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. नमस्कार नाही, हसू नाही. बाबा सावरून बसले. बाबांना इतकं सावरून बसलेलं मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. समोर शेवटी त्यांच्या व्यवसायातला माणूस आला होता.

"तुम्ही हिच्या शेजारी असता?"

"डोक्याशी."

"थांब म्हणालात की थांबते?"

"थांबते."

"शेवटचं कधी म्हणालात?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "सोमवारी."

"मंगळवारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंगळवारी."

"मग?"

"थांबली."

"रागावली?"

"खूप."

"पण थांबली?"

"हो."

बाबा पुढे झुकले. आवाज खाली आणून, जणू डॉक्टरीणबाई खोलीत नव्हत्याच, अशा रीतीनं त्यांनी विचारलं, "चालवते कशी?"

भूलवाले डॉक्टर विचारात पडले. कपातला चहा त्यांनी गोल फिरवला. मला वाटलं, आता हाही म्हणणार, उत्तम, निष्णात, काही काळजी करू नका. मी मनातल्या मनात बाबांच्या बुटांच्या नाड्या आवळल्या.

"हळू," ते म्हणाले.

"किती हळू?"

"बाहेर नातेवाईक कंटाळतात."

बाबांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "आणि काही होऊ शकतं का?"

"हो."

दिवसभरात या प्रश्नाचं हे पहिलं खरं उत्तर होतं.

"म्हणजे?"

"शक्यता कमी आहे. पण होऊ शकतं."

"आणि नाही केलं तर?"

"मग होणारच."

बाबांनी मान हलवली. एका धंद्यातला माणूस दुसऱ्या धंद्यातल्याचं काम पसंत करतो, तशी. मग पाय माझ्यासमोर केला. "नाड्या सोड." मी सोडायला लागलो, तेवढ्यात ते डॉक्टरांना म्हणाले, "झाल्यावर माझ्या पोराला मोघम काही सांगू नका. त्याला आवडत नाही."

"मग काय सांगू?"

"पोचलो म्हणा. नाहीतर नाही पोचलो म्हणा."

"बरं," ते म्हणाले आणि उरलेला चहा पिऊन निघून गेले.

"माणूस चांगला आहे," बाबा म्हणाले. "एकदाही धीर दिला नाही."

"आता मला कुणीतरी सांगेल का," आई म्हणाली, "कुठला ब्रेक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली आली. ढकलणारे मामा घाईत होते. वळणावर ट्रॉलीचा कोपरा भिंतीला घासला आणि बाबा पडल्या पडल्या ओरडले, "वळताना मागचं चाक बघा! मागचं!" मामा म्हणाले, "काका, काळजी करू नका, रोजचं काम आहे." बाबा म्हणाले, "भिंतीकडे बघून कळतंय."

चादरीखाली त्यांचा उजवा पाय ट्रॉलीच्या खालच्या दांड्यावर घट्ट दाबलेला होता. मी बाजूनं चालत होतो, मला दिसत होतं.

काचेच्या दारापाशी मामा थांबले. इथून पुढं आम्हाला बंदी होती. आईनं बाबांच्या केसांवरून हात फिरवला, म्हणाली, "परत आलात की त्या ब्रेकचं बघते मी." मला वाटतं, इतक्या दिवसांत तिनं त्यांना दिलेला हा एकमेव धीर होता, आणि तो धमकीच्या रूपात होता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू काही बोलला नाहीस."

"काय बोलू?"

"बोल काहीतरी. ज्यांची नावंही मला आठवत नाहीत ती पोरं बोलून गेली, तू तर माझा मुलगा."

"मला राग आलाय," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. त्या साडूचासुद्धा."

"म्हणजे घाबरलायस." त्यांनी चादरीतून हात काढून माझं मनगट धरलं. "घाबरू नकोस, ब्रेक मा—" आणि थांबले. या वेळी श्वास संपला म्हणून नाही. माझ्याकडे बघून हसले आणि मनगट सोडलं. दार उघडलं, ट्रॉली आत गेली, जाता जाता चौकटीला घासली.

बाहेर बाकं होती. आम्ही बसलो. डॉक्टरीणबाई इतक्या हळू होत्या, की दोन कुटुंबं आली, रडली, हसली आणि गेली. हॉर्न पाव घेऊन आला आणि गुपचूप बसला. वकीलीणबाई आल्या, आणि मागच्या बाजूच्या बाकावर बसल्या. मी भिंतीवरचं घड्याळ पाहत नव्हतो, कारण ते बंद होतं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला एक घड्याळ चालू ठेवता येत नाही आणि हे लोक झडपा बदलायला निघालेत!

"काही होत नाही रे," आत्या शेजारून म्हणाली.

माझ्या तोंडावर आलं होतं. सगळं. पित्ताशय, साडू, फ्रीज. मी वळलो. आत्याच्या हातात रुमाल होता. होता म्हणजे, आता नव्हता. तिनं त्याचे धागे धागे करून मांडीवर छोटा ढीग रचला होता आणि उरलेल्या चिंधीला पीळ घालत होती. घालून झाला की उलटा काढत होती. बाबांना सायकल तिनंच शिकवली होती. मागून धरलंय असं सांगून.

"हो आत्या," मी म्हणालो. "तू आहेस म्हणून बरं."

तिनं नाक ओढलं. "मग!" असं म्हणून आणखी एक धागा ओढला.

दार उघडलं. भूल देणारे डॉक्टर बाहेर आले. टोपी, गळ्यात मास्क, हातात कप नाही. आम्ही सगळे एकदम उठलो. म्हणजे ते उठले. मला उठता येईना. त्यांनी अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी बाकांवरून नजर फिरवली, मला शोधून काढलं आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"पोचलो," ते म्हणाले.

आणि चहा शोधायला निघून गेले.

आई भिंतीला टेकली. हॉर्ननं तोंडानंच हॉर्न वाजवला. नर्सनं त्याला बाहेर काढलं. आत्या म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, काही होत नाही म्हणून?" आणि मोठ्यानं रडायला लागली.

"तू का बसलायस असा? ऊठ की," आई मला म्हणाली.

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय समोरच्या फरशीवर पूर्ण दाबलेला होता, टाचेपासून बोटांपर्यंत. सकाळपासून तसाच असणार. पोटरीत गोळा आला होता. वकीलीणबाई आणि आत्या, दोघींनी मिळून तो उचलला, तेव्हा कुठे सुटला.